माठ, थर्मास आणि आकाशातली दुर्बीण

उन्हाळ्यात माठ पाझरतो, बाहेर आलेलं पाणी वाफ होऊन उडतं आणि उडताना आतली उष्णता घेऊन जातं, म्हणून पाणी गार होतं. जपानने अवकाशात सोडलेल्या एका दुर्बिणीचं यंत्रही असंच गार ठेवतात. फक्त पाण्याऐवजी तिथे हेलियम असतो. हो, फुग्यात भरतात तोच! उणे 269 अंशांवर त्या वायूचा द्रव होतो.

एवढा गारठा कशाला? दवाखान्यात फोटोसाठी वापरतात तसे एक्स-रे ताऱ्यांकडूनही येतात. हवा ते अडवते, म्हणून दुर्बीण वर न्यावी लागते. एक्स-रेचा एकेक कण पडला की यंत्र किंचित तापतं, आणि किती तापलं त्यावरून कणाची ताकद कळते. आता तापलेल्या तव्यावर ठिणगी पडली, तर तव्याला काय फरक पडणार? तवा गारठलेलाच हवा. उणे 273.15 अंश ही थंडीची शेवटची पायरी. हे यंत्र तिच्यापासून जेमतेम 0.05 अंश वर ठेवतात. हेलियम उडवून बरंच खाली जाता येतं, उरलेलं काम चुंबक आणि एक खास क्षार करतात.

पण हे सहज जमलेलं नाही. 2000 साली पहिली दुर्बीण रॉकेटच्या बिघाडाने गेली. 2005 मध्ये ‘सुझाकू’ नीट वर पोहोचली, तर महिनाभरात सगळा हेलियम उडून गेला. हेलियमचं भांडं थर्माससारखं असतं: दोन भिंती, मधे निर्वात पोकळी. उडालेला वायू बाहेर न जाता त्या पोकळीतच शिरला. पोकळीत वायू भरला की थर्मास कसला राहतो? बाहेरची उष्णता आत आली आणि यंत्र कायमचं निकामी झालं. सुझाकूवरची बाकीची यंत्रं मात्र पुढे वर्षानुवर्षं चालली.

2016 ची ‘हितोमी’ तर जिवाला चटका लावणारी. गारवा उत्तम जमला, पर्स्यूस या दीर्घिकांच्या समूहातल्या तप्त वायूची सुरेख मोजणीही झाली, आणि पाचेक आठवड्यांत यान भलतंच गरगरू लागून तुटलं.

तरी मंडळी हटली नाहीत. 7 सप्टेंबर 2023 ला ‘क्रिझम’ गेली. तिच्या यंत्रापुढचं एक झाकण काही केल्या उघडत नाही! पण झाकणात बेरिलियम धातूची पातळ खिडकी आहे. मंद एक्स-रे तिथेच अडतात, जोरकस आत येतात, आणि त्यावर काम चालू आहे. हेलियम संपल्यावरही गारवा टिकावा म्हणून विजेवर चालणारी शीतयंत्रं सोबत दिली आहेत. म्हणजे माठ आटला, तरी फ्रिज आहेच.