गादी, घर आणि न्यायासन : राजघराण्याच्या कलहाची दोन नाटके

मराठी ऐतिहासिक नाटकाची चर्चा बहुधा एकाच प्रश्नाभोवती फिरत राहते : नाटककार इतिहासाशी प्रामाणिक राहिला आहे काय? या प्रश्नाचे महत्त्व नाकारण्याचे कारण नाही. परंतु केवळ त्याच्या आधारे नाटकाच्या अंतरंगापर्यंत पोहोचता येत नाही. राजघराण्यातील कलह हा ज्या नाटकाचा विषय आहे, त्याच्या बाबतीत अधिक मूलगामी प्रश्न असा, की हा कलह अखेर निवाड्यासाठी कोणापुढे येतो? कृ. प्र. खाडिलकरांचे 'भाऊबंदकी' (१९०९) आणि वसंत कानेटकरांचे 'रायगडाला जेव्हा जाग येते' (१९६२) ही नाटके या दृष्टीने शेजारी ठेवून वाचली, तर राजकीय नाटक आणि कौटुंबिक नाटक यांमधील सीमारेषा स्पष्ट होते.

पेशवे हे सिंहासनाधीश नव्हते. पेशवाईची वस्त्रे साताऱ्याच्या छत्रपतींकडून येत. तथापि १७१३ पासून हे पद बाळाजी विश्वनाथांच्या घराण्यातच राहिले आणि घरातील वडीलकीचा वाद हाच राज्याचा वाद होऊन बसला. मराठवाड्याच्या भूमीने याचा प्रत्यय घेतलेला आहे. १७६२ मध्ये निजामाच्या साहाय्याने पुतण्यावर चालून गेलेले रघुनाथराव पुढच्याच वर्षी गोदाकाठच्या राक्षसभुवन येथे माधवरावांच्या बाजूने निजामाविरुद्ध लढले. १७७२ मध्ये माधवरावांचा मृत्यू झाला आणि ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणरावांचा वध केला. 'भाऊबंदकी'चे कथानक या वधाभोवती उभे आहे.

या वधाशी निगडित असलेली 'ध'चा 'मा' करण्याची आख्यायिका सर्वश्रुत आहे. 'धरावे' या आज्ञेचे 'मारावे' असे रूपांतर आनंदीबाईंनी केले, या कथेला समकालीन कागदपत्रांचा भक्कम आधार आहे असे म्हणता येत नाही. तरीही ती भाषेत वाक्प्रचार होऊन राहिली, याचे कारण तिच्यातील नाट्यमय सत्यात शोधावे लागते. राज्याची आज्ञा घरातील हात बदलू शकतो, म्हणजेच खाजगी आणि सार्वजनिक यांमधील भिंत कोसळलेली आहे, हे त्या एका अक्षराने सांगितले जाते.

खाडिलकर मात्र येथेच थांबत नाहीत. काका, काकू आणि पुतण्या एवढ्यांपुरतेच नाटक राहिले असते, तर ते मत्सर व महत्त्वाकांक्षा यांची शोकांतिका ठरले असते. रामशास्त्री प्रभुणे यांच्या प्रवेशाने त्याचे स्वरूप पालटते. शास्त्रीबोवांचा गादीवर हक्क नाही, घराण्याशी रक्ताचा संबंध नाही. ते पेशव्यांचेच न्यायाधीश आहेत. देहान्त प्रायश्चित्ताचा त्यांचा निर्णय 'पेशवा कोण?' हा प्रश्न मागे सारून 'पेशवाच अपराधी असेल तर काय?' हा प्रश्न पुढे आणतो. कलहाला घराबाहेरचा तिसरा बिंदू मिळतो आणि नाटक खऱ्या अर्थाने राजकीय होते.

१९०९ च्या प्रेक्षकाला या प्रश्नाचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नव्हती. डिसेंबर १९०७ मध्ये सुरतेला काँग्रेस दुभंगली होती. १९०८ मध्ये टिळकांना सहा वर्षांची शिक्षा होऊन त्यांची मंडालेला रवानगी झाली होती. खाडिलकरांच्याच 'कीचकवधा'वर १९१० मध्ये बंदी यावयाची होती. १७७५ मध्ये रघुनाथरावांनी इंग्रजांशी तह केला तोही सुरतेचाच, हा योगायोग लक्षणीय आहे. भाऊबंदकीचा लाभ परक्याला होतो हा बोध त्यात आहेच. परंतु नाटकाला केवळ जहाल-मवाळांचे रूपक मानले, की रामशास्त्री निव्वळ तात्पर्य सांगणारे पात्र उरतात. सत्ताधाऱ्याला दोषी ठरवणारा न्यायाधीश त्या काळातील प्रेक्षकापुढे उभा करणे, यातच या नाटकाचे धैर्य सामावलेले आहे.

कानेटकरांच्या नाटकात परिस्थिती नेमकी उलट आहे. गडकऱ्यांच्या अपूर्ण 'राजसंन्यासा'ने संभाजीराजांची जी विलासी प्रतिमा रूढ केली होती, तिला वा. सी. बेंद्रे यांच्या १९६० मधील चरित्राने आव्हान दिले. त्यानंतर दोनच वर्षांनी आलेल्या 'रायगडा'ने युवराजाचे दुखावलेले मन रंगभूमीवर आणले. सोयराबाईंची राजारामांविषयीची आकांक्षा, अण्णाजी दत्तोंसारख्या कारभाऱ्यांचा विरोध आणि १६७८ मध्ये दिलेरखानाकडे गेलेला पुत्र या पेचात शिवाजी महाराज एकाच वेळी पिता, पती व राजा आहेत. न्यायासनही तेच आहेत. येथे रामशास्त्री असू शकत नाही. त्यामुळे राज्याचा प्रश्न पित्याच्या व्यथेत विरघळतो. पुत्राच्या कृत्याचा निवाडा होण्याऐवजी त्याचे मन समजून घेतले जाते.

यातून एक नाटक श्रेष्ठ व दुसरे कनिष्ठ ठरत नाही. कानेटकरांनी दंतकथेत अडकलेल्या व्यक्तींना माणूसपण दिले, ही त्यांची कामगिरी मोठी आहे. परंतु त्या माणूसपणाचे मूल्यही ध्यानात घेतले पाहिजे. राजाचे दुःख समजले, की त्याला जाब विचारण्याची प्रेक्षकाची इच्छा मंदावते. १९०९ ते १९६२ या काळात परकी सत्ता गेली आणि ऐतिहासिक नाटकाचा रोख दरबाराकडून अंतःपुराकडे वळला. हा बदल तंत्राचा आहे तसाच नागरिकाच्या भूमिकेचाही आहे. म्हणूनच ही नाटके वर्गात शिकवताना तारखा व प्रसंग पडताळून झाल्यावर आणखी एक शोध उरतो : या वाड्यात, या गडावर, गादीला नकार देऊ शकणारे कोणी आहे काय? राजघराण्याच्या नाटकाचे राजकारण त्या उत्तरावर ठरते.