बाहेरच्या खोलीतली गाणी

२०२५च्या वसंतात शिकागो शेक्सपिअर थिएटरमध्ये 'सनी आफ्टरनून' हे संगीत नाटक लागलं आणि 'द किंक्स' या लंडनच्या रॉक बँडची सुरुवातीच्या वर्षांची गोष्ट अमेरिकेच्या रंगमंचावर पहिल्यांदा उभी राहिली. याच बँडने १९६५च्या उन्हाळ्यात अमेरिकेचा पहिला दौरा केला होता. त्यानंतर तिथल्या वादक संघटनेने परवाने अडवले आणि चार वर्षं त्यांना त्या देशात वाजवता आलं नाही. दार मिटल्याची ती हकिगत, दार मिटलं त्याच देशात सांगायला साठ वर्षं जावी लागली. लंडनच्या पहिल्या प्रयोगापासून मोजली तर अकरा.

या अकरा वर्षांकडे मागे वळून पाहावंसं वाटतं, त्याला कारण आहे. ज्यूकबॉक्स म्युझिकल हा प्रकार अनेक जाणकारांना हलका वाटतो. मुंबईच्या इराणी हॉटेलांत एकेकाळी ज्यूकबॉक्स असायचे. नाणं टाकायचं, बटण दाबायचं, आवडती तबकडी वाजायची. नाटकातही तसंच होतं, असा आक्षेप असतो: गाजलेली गाणी गोळा करायची आणि त्यांच्या मधल्या फटी संवादांनी बुजवायच्या. संगीत नाटकावर वाढलेल्या आपल्या कानाला हा दोष चटकन कळतो. पद प्रसंगातून उगवलंय की बाहेरून आणून चिकटवलंय, हे ओळखायला आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. 'सनी आफ्टरनून' या कसोटीला उतरलं. कारण त्यातली बरीच गाणी मुळात एका घरातून निघाली होती, आणि नाटकाने त्यांना त्या घरी परत नेलं.

ते घर उत्तर लंडनच्या मसवेल हिल भागातलं, डेन्मार्क टेरेसवरचं. डेव्हिस कुटुंबात आधी सहा मुली, मग 'किंक्स'चे दोन भाऊ: १९४४ साली गाणी लिहिणारा रे आणि १९४७ साली गिटारवादक डेव्ह. शनिवारी रात्री बाहेरच्या खोलीतल्या पियानोभोवती अख्खं गोत जमायचं आणि प्रत्येकाला काहीतरी म्हणावं लागायचं. थोरल्या बहिणींपैकी रेनीचं हृदय लहानपणच्या आजाराने अधू झालेलं होतं. डॉक्टरांनी जपायला सांगितलं होतं, पण नाच हा तिचा जीव की प्राण. १९५७च्या जूनमध्ये रेच्या तेराव्या वाढदिवसाला तिने त्याला गिटार आणून दिली, आणि त्याच रात्री लायसियमच्या नृत्यगृहात नाचता नाचता ती गेली. रे डेव्हिसच्या गाण्यांमध्ये आनंदाच्या पोटात नेहमी एक कळ असते. तिचा उगम शोधायला फार लांब जायला नको.

१९६४च्या उन्हाळ्यापर्यंत बँडच्या पहिल्या दोन तबकड्या पडल्या होत्या. तिसरी चालली नाही तर कंपनी निरोप देणार, अशी वेळ होती. ती तिसरी तबकडी म्हणजे 'यू रिअली गॉट मी'. तिची धून बाहेरच्या खोलीतल्या त्याच पियानोवर सापडली होती. डेव्हकडे एल्पिको नावाचा लहानसा, स्वस्तातला अॅम्प्लिफायर होता. त्याने त्याच्या स्पीकरचा कागदी पडदा ब्लेडने फाडला आणि तो मोठ्या अॅम्प्लिफायरला जोडला. फाटक्या पडद्यातून खरखरीत, गुरगुरणारा स्वर निघाला. सप्टेंबरमध्ये गाणं ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं, आणि पुढे रॉकच्या कित्येक गिटारवादकांनी तसा स्वर काढण्याचा ध्यास घेतला. डेव्ह तेव्हा अवघा सतरा वर्षांचा होता.

पुढचं वर्ष, १९६५, या गोष्टीत सगळ्यात दाट आहे, आणि ते सुरू होतं आपल्या मुंबईपासून. जानेवारीत ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर जाताना बँड मुंबईत थांबला. प्रवासाने झोप उडालेल्या रेला पहाटे समुद्राकडून कामाला निघालेल्या कोळ्यांचं गाणं ऐकू आलं. ती चाल डोक्यातून गेली नाही. त्याच उन्हाळ्यात 'सी माय फ्रेंड्स' आलं. त्यात गिटारच तंबोऱ्यासारखी एक स्वर धरून राहते आणि गळा तिच्याभोवती फिरतो. 'बीटल्स'ची सतार तबकडीवर यायला अजून काही महिने होते. या गाण्यामागे रेनीचा मृत्यू आहे, असं रेने नंतर सांगितलं. लंडनच्या भावाचं दुःख मुंबईच्या कोळ्यांच्या सुरात उतरलं, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. त्या पहाटे गाणाऱ्यांची नावं कुणी विचारली नाहीत. आपण निदान ते गात होते एवढं तरी लक्षात ठेवावं.

मे महिन्यात वेल्समधल्या कार्डिफला भर कार्यक्रमात डेव्हने मिक अॅव्हरीच्या ड्रम्सना लाथ घातली आणि मिकने झांजेचा स्टँड त्याच्या डोक्यात हाणला. सोळा टाके पडले. पुढच्याच महिन्यात अमेरिकेचा तो दौरा सुरू झाला आणि मागोमाग बंदी आली. सगळ्यात मोठी बाजारपेठ ऐन उमेदीत हातची गेली. पण त्याचा एक परिणाम असा झाला की रेने नजर आपल्या गल्लीकडे, आपल्या माणसांकडे वळवली. 'वॉटर्लू सनसेट' आणि 'व्हिलेज ग्रीन'सारखी खास इंग्रजी मातीतली गाणी याच कोंडलेल्या वर्षांत झाली.

१९६६च्या सुरुवातीला रे कोलमडला. लागोपाठचे दौरे, नवीन संसार, दर काही आठवड्यांनी एक यशस्वी गाणं देण्याचा तगादा, आणि व्यवस्थापक, प्रकाशक, मध्यस्थ यांच्यातला पैशांचा तिढा. तो तिढा पुढे वर्षानुवर्षं कोर्टात रेंगाळला. अंथरुणाला खिळलेल्या त्या दिवसांनंतर 'सनी आफ्टरनून' आलं. करांनी नागवलेल्या एका उमरावाचं ते गाणं. हाती उरलेली एक सोनेरी दुपार तो चाखतो आहे. जुलैमध्ये हे गाणं पहिल्या क्रमांकावर होतं, आणि महिना संपता संपता इंग्लंडने फुटबॉलचा विश्वचषक जिंकला. देश उन्हात न्हाऊन निघत असताना त्याच्या ओठांवर जे गाणं होतं, ते एका थकलेल्या माणसाने लिहिलेलं होतं.

रंगमंचाची ओढ रेला जुनीच. सत्तरच्या दशकात त्याने बँडकडून नाट्यमय अल्बम आणि प्रयोग करून घेतले. १९९४ साली 'एक्स-रे' हे आत्मचरित्र लिहिलं आणि मग त्यातले उतारे वाचत, गाणी म्हणत एकट्याने कार्यक्रम केले. २००८ साली लंडनच्या स्ट्रॅटफर्ड ईस्टमध्ये 'कम डान्सिंग' हे संगीत नाटक आणलं. त्यात नृत्यगृहांचा तोच काळ होता. एवढी वाट चालल्यावर २०१४ साली हॅम्पस्टेड थिएटरमध्ये 'सनी आफ्टरनून' आलं. कथा रेची, संहिता जो पेनहॉलची, दिग्दर्शन एडवर्ड हॉलचं.

मिरियम ब्यूथरने रंगमंचाच्या भिंती स्पीकरांनी मढवल्या होत्या. नट स्वतःच वाद्यं वाजवत होते. पण नाटकाचं खरं बळ गाण्यांच्या जागा निवडण्यात आहे. तारखांची साखळी त्याने बेलाशक तोडली. 'डेन्मार्क स्ट्रीट' हे १९७०चं गाणं, पण ते येतं तबकडी निघावी म्हणून उंबरे झिजवण्याच्या दिवसांत. १९६६चं 'डेड एंड स्ट्रीट' घरच्या ओढग्रस्तीला वाचा देतं. १९६८चं 'डेज' वाद्यांशिवाय, नुसत्या गळ्यांवर उभं राहतं, आणि निरोपाचं ते गाणं श्वास रोखून ऐकावं लागतं. 'वॉटर्लू सनसेट' तर आपल्यासमोर घडतं. एकेक सूर, एकेक आवाज जोडला जातो आणि भांडून विखुरलेली चार माणसं त्या गाण्यापुरती पुन्हा एक होतात. रेडिओवर शंभरदा ऐकलेलं गाणं तेव्हा नवं वाटतं, कारण ते कुणाला का लागलं होतं हे आता कळलेलं असतं.

ऑक्टोबर २०१४मध्ये नाटक वेस्ट एंडच्या हॅरॉल्ड पिंटर थिएटरमध्ये गेलं आणि दोन वर्षं चाललं. २०१५च्या ऑलिव्हिए पुरस्कारांत त्याला चार मान मिळाले: सर्वोत्कृष्ट नवं संगीत नाटक, रेच्या भूमिकेसाठी जॉन डॅगलिश, डेव्हच्या भूमिकेसाठी जॉर्ज मॅग्वायर, आणि संगीतासाठी स्वतः रे डेव्हिस.

तरी एक गोष्ट विसरून चालणार नाही: ही एका भावाची आठवण आहे. फाटक्या स्पीकरचं श्रेय पूर्णपणे आपलं आहे, असं सांगत डेव्हने नाटक चालू असतानाच जाहीर नाराजी व्यक्त केली. बास वाजवणारा पीट क्वेफ २०१०मध्येच वारला होता. आपली बाजू मांडायला तो नव्हता. रेची तेव्हाची पत्नी रासा अनेक ध्वनिमुद्रणांत मागून गायली होती. नाटकात तिच्या वाट्याला गाणी आली, हे बरं झालं. मला डेव्हचा राग रास्त वाटतो. ज्या मुलाने स्वतःच्या हाताने पडदा फाडला, त्याला तो क्षण कुणाशी वाटून घ्यावासा वाटणार नाही. पण नाटकाची मोहिनी त्याने उणावत नाही. एकाच खोलीत वाढलेल्या दोन भावांच्या आठवणी कुठल्या घरात जुळतात?

आणि तरीही, १८ डिसेंबर २०१५च्या रात्री इझ्लिंग्टनच्या असेम्ब्ली हॉलमध्ये डेव्हचा कार्यक्रम चालू असताना रे मंचावर आला. जवळजवळ वीस वर्षांनी दोघं एकत्र उभे राहिले. तिकडे वेस्ट एंडमध्ये दोन तरुण नट त्यांची भांडणं रंगवत होते, आणि इकडे सत्तरीच्या आसपासच्या त्या दोघांनी मिळून गाणं म्हटलं. कुठलं, हे सांगायला नकोच. शनिवारच्या रात्री प्रत्येकाला काहीतरी म्हणावं लागायचं, त्या घरातल्या पियानोवर सापडलेलं.