कच्चे टाके उसवणारीं प्रथिनें



आमच्या घोडपदेवांतला म्हातारा शिंपी कोट शिवतांना आधीं कापडास पांढऱ्या दोऱ्याचे लांब लांब कच्चे टाके घालतो, मग यंत्रावर पक्की शिवण मारतो आणि अखेर ते कच्चे टाके उसवून टाकतो. टाका घातला नाहीं तर कापड सरकतें. उसवला नाहीं तर कोट गिऱ्हाइकाच्या हातीं देतां येत नाहीं. आपल्या शरीरांतील पेशींतहि असेंच शिवणकाम अहोरात्र चाललेलें असतें.

पेशींत प्रथिनें तयार करणारें जें सूक्ष्म यंत्र, त्यास रायबोसोम म्हणतात. त्याचा गाभा आर. एन. ए. नामक द्रव्याचा. मनुष्याच्या पेशींत हें द्रव्य प्रथम सुमारें १३,००० घटकांच्या एका लांब फितीच्या रूपानें निघतें. केंद्रकांत न्यूक्लिओलस नांवाचा एक गडद ठिपका असतो, तेथें ही फीत ठराविक जागीं तोडली जाऊन तिच्यांतून तीन कामाचे तुकडे निघतात. त्यांतला सर्वांत मोठा '२८ एस', सुमारें ५,००० घटकांचा. झपाट्यानें वाढणाऱ्या पेशींत हा ठिपका फुगतो. परळच्या टाटा रुग्णालयासारख्या ठिकाणीं कर्करोगाची तपासणी करणारे डॉक्टर सूक्ष्मदर्शकांतून तो मुद्दाम पाहतात.

अडचण अशी कीं, आर. एन. ए. ची फीत सरळ राहत नाहीं. जोडी जुळली कीं तिचा एक भाग दुसऱ्या भागास, किंवा परक्या फितीसहि, चिकटून बसतो. निसर्गानें या खोडीचाच उपयोग करून घेतला आहे. 'यू ८' नांवाची एक छोटीशी फीत अपक्व फितीस येऊन चिकटते व तिची भलतीच घडी पडूं देत नाहीं. हाच आपला कच्चा टाका. तो उसवण्याचें काम हेलिकेज जातीचीं प्रथिनें करतात. त्यांतील एका मोठ्या कुळाची रीत अशी कीं, चिकटलेल्या जागीं बसावयाचें आणि ए. टी. पी. या पेशींतील इंधनाच्या बळावर तेवढाच भाग वाकवून सोडवावयाचा. या कुळांतील प्रत्येक प्रथिनांत चार अमिनो आम्लें एका ठराविक क्रमानें येतात. त्यांचीं इंग्रजी खुणाक्षरें जुळविलीं तर 'डेड', म्हणजे मृत, असा शब्द होतो! ज्यांच्यावांचून पेशीचें चालत नाहीं, त्यांस हें नांव मिळावें ही मौजच.

२०१० सालीं अमेरिकेंतील संशोधकांनीं सस्तन प्राण्यांच्या पेशींतील 'डीडीएक्स ५१' या हेलिकेजचें काम बंद पाडून पाहिलें. तेव्हां यू ८ सुटेना, आणि २८ एस च्या शेवटास लोंबणारा फाजील भागहि तुटेना. टाका तसाच राहिला म्हणून कांठ कातरतां आला नाहीं. यीस्टच्या पेशींत यू ८ मुळीं नसतेंच. त्यामुळें हा प्रकार तेथें पाहून कळण्यासारखा नव्हता.

ही केवळ प्रयोगशाळेंतील करमणूक नव्हे. यू ८ च्या जनुकांत दोष असेल तर मेंदूच्या पांढऱ्या भागाचा एक विरळ रोग होतो, असें २०१६ सालीं उघडकीस आलें. मेंदूंत चुन्याचे थर व पाण्याच्या पिशव्या तयार होतात, झटके येतात, हातपाय ताठरतात. कोणास तो बाळपणींच होतो, तर कोणास ऐन संसाराच्या वयांत. रायबोसोम शरीरांतील बहुतेक प्रत्येक पेशीस लागतो, तरी या रोगाचा घाव बसतो तो मेंदूंतील बारीक रक्तवाहिन्यांवर.