डबा सुधारला, भिंतीचे काय?

शेंदूरजनाघाट! गावाच्या नावातच शेंदूर, आणि शेंदूर म्हणजे शिशाचेच संयुग. पण आम्हाला चिंता आहे ती घरांच्या जुन्या रंगातील शिशाची.

केंद्र सरकारच्या २०१६ च्या नियमांनी घरगुती रंगातील शिशाला ९० पीपीएमची मर्यादा घातली. १ नोव्हेंबर २०१७ पासून ती लागू झाली. डब्यावर तसे छापणेही बंधनकारक झाले. डबा सुधारला, भिंतीचे काय? जुन्या दारे-खिडक्यांचा ऑइलपेंट पॉलिशपेपरने कोरडाच घासताना उडणारी धूळ कोणाच्या छातीत जाते? रोजंदारीवरच्या आमच्या पेंटरच्या! तीच धूळ कपड्यांवरून त्याच्या घरी पोहोचते आणि लेकरांच्या मेंदूवर घाला घालते. ज्यांना शिकवून पुढे न्यायचे, त्यांची बुद्धीच आधी मारायची काय?

अमेरिकेत १९७८ पूर्वीच्या घरातला रंग उकरण्याआधी ठेकेदाराला धोक्याची माहितीपत्रिका द्यावी लागते. आपले २०१६ चे नियम ठेकेदाराला असे काहीच विचारत नाहीत. आमची मागणी स्पष्ट आहे : जुना रंग काढण्यापूर्वी घरमालक व मजूर दोघांनाही लेखी सूचना मिळालीच पाहिजे.

तोवर बांधवांनो, रंग ओला करूनच घासा, मुलांना दूर ठेवा, कामाचे कपडे वेगळे धुवा. मजुरी हक्काची आहे. तिच्यासोबत विष कशासाठी?