रौप्यमूल्यासाठी नाणेसंग्रह
चलनात वापरलेली जुनी नाणी दर्शनी मूल्यासाठी नव्हे, तर त्यांतील चांदीसाठी जमविण्याची प्रथा. भारतात १८३५ पासूनच्या प्रमाणित रुपयाचे वजन ११·६६ ग्रॅ. असून त्यात ९१·६७ टक्के, म्हणजे सु. १०·६९ ग्रॅ. शुद्ध चांदी असे. दुसऱ्या महायुद्धकाळात, १९४० मध्ये, चांदीचे प्रमाण ५० टक्क्यांवर आणले गेले. १९४७ चा रुपया निकेलचा निघाला. दोन्ही रौप्य रुपयांचे वजन सारखेच असल्याने त्यांतील भेद तराजूवर कळत नाही. नाण्यावरील साल पाहावे लागते. ग्रेशॅमच्या नियमानुसार लोकांनी उत्तम नाणी साठविली व हीन नाणी खर्चिली. झिजलेल्या नाण्यात चांदी कमी भरते. दुर्मिळ सालाच्या नाण्याचे मूल्य मात्र चांदीहून अधिक असते. ते आटविल्यास ऐतिहासिक पुरावा कायमचा नष्ट होतो.