चोवीस शब्दांची किल्ली

आमच्या शेजारचे एक गृहस्थ चार वर्षांपूर्वी संगणकाच्या नोकरीतून निवृत्त झाले. हिशेबांच्या आज्ञावली लिहिण्यात त्यांचे सारे आयुष्य गेले होते. निवृत्तीनंतर मनुष्य बागेकडे वळतो, ग्रंथांकडे वळतो, निदान नातवंडांकडे तरी वळतो. हे गृहस्थ बिटकॉइनकडे वळले. त्यांना सट्ट्याचा नाद लागला या भयाने वहिनी मला एके दिवशी म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही सरकारात आहात, यांना जरा चार शब्द सांगा." मी गेलो तो चार शब्द सांगायला, आणि बसलो तो ऐकत.

भावाचा त्यांनी उल्लेखही केला नाही. त्यांना मोह पडला होता तो एका जुन्या प्रश्नाच्या उत्तराचा. हातातली नोट दुसऱ्याला दिली की ती आपल्यापाशी उरत नाही. संगणकातील पैसा म्हणजे मात्र नुसता आकडा. आकड्याची नक्कल करता येते. मग तीच रक्कम दोघांना दिली जाणार नाही, हे पाहायचे कोणी? आजवर ते काम बँकेची खतावणी करीत आली. ३१ ऑक्टोबर २००८ रोजी सातोशी नाकामोतो या नावाने एक नऊ पानांचा निबंध प्रसिद्ध झाला, आणि ३ जानेवारी २००९ रोजी त्यात सांगितलेली खतावणी सुरू झाली. तिला मालक नाही आणि मुख्य कारकूनही नाही. तिची प्रत जगभरच्या हजारो संगणकांवर असते. सुमारे दर दहा मिनिटांनी तिला एक पान जोडले जाते, आणि प्रत्येक पानावर मागच्या पानाचा गणिती ठसा उमटलेला असतो. जुन्या पानातला एक आकडा कोणी खोडला, तर त्या पानाचा ठसा बदलतो आणि पुढची सारी पाने विसंगत ठरतात.

नवे पान लिहिण्याचा मान एक आकडेमोडीचे कोडे प्रथम सोडवणाऱ्याला मिळतो. कोडे सोडवणे अतिशय कष्टाचे, पण उत्तर पडताळणे सोपे. आमच्या गृहस्थांना याचेच कौतुक फार. सोडवणाऱ्याला नवी नाणी मिळतात : प्रारंभी ५०, मग साधारण दर चार वर्षांनी निम्मी, एप्रिल २०२४ पासून ३.१२५. एकूण नाणी २ कोटी १० लाखांपलीकडे जाणार नाहीत. या कोड्यांपायी एखाद्या लहान देशाला पुरेल इतकी वीज खर्च होते, हे मी सुचवले तेव्हा त्यांनी विषय बदलला.

कायद्याचे म्हणाल, तर आपल्या देशात हे वैध चलन नाही. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८ मध्ये बँकांना या व्यवहारांपासून दूर राहण्यास सांगितले. ते परिपत्रक सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये रद्द केले. १ एप्रिल २०२२ पासून नफ्यावर ३० टक्के कर आहे, आणि तोटा मात्र अन्य उत्पन्नातून वजा करता येत नाही.

त्यांनी यात एका महिन्याच्या निवृत्तिवेतनाइतकीच रक्कम घातली होती. तरी मला एक गोष्ट सलत होती. हे नाणे खर्च करायचे, तर एका गुप्त किल्लीची सही लागते. ती किल्ली हरवल्यास पुन्हा घडवता यावी म्हणून तिच्याऐवजी इंग्रजीतले चोवीस शब्द जपून ठेवतात. शब्दही गेले की पैसा खतावणीत दिसत राहतो, पण कोणाच्याही हाती लागत नाही. आमच्या कचेरीत निवृत्त माणूस गेला, तर त्याच्यामागे कुटुंबनिवृत्तिवेतन असते, नामनिर्देशन असते, वारसाचा दाखला असतो. उशिरा का होईना, अर्जाला खिडकी असते. इथे अर्ज द्यायचा कोणाला?

"ते शब्द कुठे लिहून ठेवलेत?" मी विचारले.

"पाठ आहेत," ते अभिमानाने म्हणाले. चहा घेऊन आलेल्या वहिनी दारातच थांबल्या. "आणि मी काय करायचं?" एवढेच त्यांनी विचारले. त्यावर त्या गृहस्थांना उत्तर सुचले नाही.

पंधरा दिवसांनी ते मला फाटकापाशी भेटले. शब्द त्यांनी कागदावर स्वच्छ अक्षरात लिहिले होते, आणि पाकीट लाखेने बंद करून बँकेच्या लॉकरमध्ये ठेवले होते. लॉकर दोघांच्या नावे आहे.