सुरतची धावपट्टी आणि तिच्यासमोरचे आकाश

सुरत विमानतळ शहराच्या नैऋत्येला, डुमस रस्त्यावर मगदल्ल्याजवळ आहे. त्याची धावपट्टी 2,905 मीटर लांबीची आहे. तरीही वेसूच्या बाजूने उतरणाऱ्या विमानाला पहिले 615 मीटर सोडून पुढे चाके टेकवावी लागतात आणि उतरण्यासाठी 2,290 मीटरच उरतात. सोडलेला भाग डांबरीकरणाने पक्का आहे, त्यात काही बिघाड नाही. अडचण आहे ती धावपट्टीसमोरच्या उंच इमारतींची.

धावपट्टीच्या दोन टोकांवर 04 आणि 22 हे आकडे रंगवलेले असतात. चुंबकीय उत्तरेपासून मोजलेल्या दिशेचे ते संक्षिप्त रूप आहे. 04 म्हणजे सुमारे 40 अंश, ईशान्येकडे तोंड. 22 म्हणजे सुमारे 220 अंश, नैऋत्येकडे तोंड. धावपट्टी 22 वर उतरणारे विमान वेसूच्या वस्तीवरून येते, 04 वर उतरणारे डुमसच्या किनाऱ्याकडून.

प्रवासी विमान साधारणतः 3 अंशांच्या उताराने खाली येते. म्हणजे प्रत्येक किलोमीटरला ते सुमारे 52 मीटर उंची सोडते आणि धावपट्टीचा आरंभबिंदू, म्हणजे थ्रेशोल्ड, सुमारे 15 मीटरवरून ओलांडते. थ्रेशोल्डपासून एक किलोमीटरवर ते जमिनीपासून जेमतेम 67 मीटरवर असते. वारा, पाऊस, कमी दृश्यमानता किंवा उपकरणातला बिघाड यांमुळे ते याहूनही खाली येऊ शकते. म्हणून या मार्गाच्या खाली एक संरक्षक उतार आखतात. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या मानकांनुसार, उपकरणांच्या मदतीने अचूक अवतरण होणाऱ्या मोठ्या धावपट्ट्यांसाठी तो थ्रेशोल्डच्या 60 मीटर अलीकडून सुरू होतो आणि पहिल्या 3 किलोमीटरपर्यंत 2 टक्क्यांनी चढतो. पुढे चढ 2.5 टक्के होतो आणि एकूण पट्टा 15 किलोमीटरपर्यंत जातो. सपाट जमिनीवर या हिशेबाने एक किलोमीटरवर सुमारे 19 मीटर, म्हणजे जवळपास सहा मजले, आणि तीन किलोमीटरवर सुमारे 59 मीटर एवढीच उंची मोकळी मिळते.

एखादी इमारत हा उतार भेदून वर गेली, तर ती खाली आणावी लागते. नाहीतर थ्रेशोल्ड आत सरकवावा लागतो. चढ 2 टक्क्यांचा असल्यामुळे इमारतीची जास्तीची एक मीटर उंची धावपट्टीचे 50 मीटर खाते. छतावरची पाण्याची टाकी तीन मीटर वर गेली, तर हिशेबाने दीडशे मीटर गेले. सुरतेत वेसूकडच्या उंच इमारतींमुळे थ्रेशोल्ड सरकवावा लागला आणि हा वाद गुजरात उच्च न्यायालयापर्यंत गेला. सरकवलेल्या थ्रेशोल्डकडे नेणारे पांढरे बाण धावपट्टीवर रंगवलेले असतात. या भागात उतरता येत नाही. मात्र नैऋत्येकडे उड्डाण करणारे विमान तिथूनच धाव सुरू करू शकते.

एअरबस ए320 किंवा बोइंग 737 यांसारख्या विमानांना उरलेली लांबी सर्वसाधारणपणे पुरते. कस लागतो तो पावसाळ्यात. विमान शक्यतो समोरचा वारा घेऊन उतरते आणि पावसाळी वारा नैऋत्येकडून येतो. म्हणजे नेमकी धावपट्टी 22 आणि वेसूची बाजू वापरावी लागते. ओल्या धावपट्टीसाठी वैमानिकाला कोरड्यापेक्षा 15 टक्के जास्त लांबी गृहीत धरावी लागते. ईशान्येकडे उड्डाण करतानाही एक इंजिन बंद पडले तरी इमारतींवरून सुरक्षित जाता येईल, इतकेच वजन घेता येते.

भारतात विमानतळाजवळच्या इमारतींची उंची 2015 च्या नियमांनी ठरते. विमानतळाभोवतीच्या भागाचे रंगानुसार विभाग पाडलेले नकाशे असतात आणि ठरलेल्या मर्यादेपलीकडे बांधायचे असल्यास भारतीय विमानतळ प्राधिकरणाचे ना हरकत प्रमाणपत्र लागते. प्रमाणपत्रातली उंची समुद्रसपाटीपासून मोजलेली असते, म्हणून तिच्यातून भूखंडाची उंची वजा करावी लागते. टाकी, लिफ्टची खोली, अँटेना सगळे त्या मर्यादेत बसले पाहिजे.

धोका जमिनीवरूनही येतो. 6 नोव्हेंबर 2014 रोजी सुरतेहून दिल्लीला निघालेल्या बोइंग 737 ची धावताना म्हशीशी धडक झाली. इंजिनाचे नुकसान झाले आणि उड्डाण थांबवावे लागले. प्रवासी सुखरूप राहिले. खाडी आणि दलदलीच्या या किनारपट्टीवर पाणपक्षीही पुष्कळ. पक्ष्यांना आमंत्रण मिळू नये म्हणून विमानतळापासून 10 किलोमीटरच्या परिघात उघड्यावर कचरा टाकण्यास आणि जनावरे कापण्यास मनाई आहे.

17 डिसेंबर 2023 रोजी सुरतेच्या नव्या टर्मिनलचे उद्घाटन झाले. गर्दीच्या वेळी 1,200 देशांतर्गत आणि 600 आंतरराष्ट्रीय प्रवासी हाताळण्याची त्याची क्षमता आहे आणि ती 3,000 पर्यंत वाढवण्याची सोयही ठेवली आहे. टर्मिनल केव्हाही मोठे करता येते. धावपट्टीचा पूर्ण उपयोग मात्र वेसूकडचा मार्ग मोकळा राहण्यावर अवलंबून आहे. म्हणूनच विमानतळाजवळ घर घेणाऱ्याने प्रमाणपत्रातली उंची आणि प्रत्यक्ष बांधकाम ताडून पाहावे: यात त्याच्या घराचे भवितव्य आहे आणि वरून जाणाऱ्या प्रवाशांची सुरक्षितताही.